पायाळूचा पाय

मी पायाळू. म्हणजे जन्माला येताना माझं डोकं आधी आलं नाही, पाय आले. गोव्यात मयेला आमच्या घरी सुईण म्हणाली होती म्हणे, "पोरीला चालायची घाई झालीय." आज मी चौसष्ट वर्षांची आहे. माझ्या कमरेत चार स्क्रू आणि दोन सळ्या आहेत, आणि चालायला मी गेल्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून शिकले. ती सुईण असती तर तिला बोलावून दाखवलं असतं, ये बाई, बघ घाई.

मला लिहायची सवय नाही. चौथीपर्यंत शाळा, पुढचं सगळं पोथ्या आणि पुड्यांचे कागद वाचून. तेव्हा बोलते तसंच लिहिते. ऑपरेशनात काय कापलं आणि काय जोडलं ते मला विचारू नका, मी झोपलेली होते. पण ज्यांची कंबर दुखते, पाय बधिर होतो, आणि शेजारीण सांगते की अमक्या पायाळूकडे जा, त्यांच्यासाठी मला जे माहीत आहे ते कोणत्याही डॉक्टरला माहीत नाही. कारण मी दोन्ही बाजूंनी ते बघितलं आहे. पायाच्या वरून आणि पायाच्या खालून.

आमच्याकडे कोणाच्या कमरेत उसण भरली की पायाळूचा पाय लावून घेतात. दुखणेकऱ्याने सकाळी रिकाम्या पोटी यायचं, पायाळूच्या उंबरठ्यावर पालथं पडायचं. पायाळूने उजवा पाय धुवायचा, तोंडातून शब्द न काढता दुखऱ्या जागी तीनदा टेकवायचा. मग त्याने उठून मागे न बघता घरी जायचं. लहानपणी मी हे करायचे तेव्हा आई माझा दंड धरून उभी राहायची आणि दर वेळी तेच सांगायची, "पाय लावपाचो, दिवपाचो न्हय." लावायचा, द्यायचा नाही. लावणं म्हणजे भाकरी भाजली का बघायला बोट टेकवतो तेवढं. देणं म्हणजे अंगाचं वजन टाकणं.

लग्न होऊन पेडण्याकडे आले तर इथे पायाळू कोणी नव्हतं. वर्षभरात माझा पाय गावाला ठाऊक झाला. ज्या घरात सुनेचा पाय सासऱ्याच्या पाटाला लागला तर बोलणी खावी लागायची, त्या घरात सासरे स्वतः येऊन माझ्यापुढे पालथे पडायचे. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू? फार आवडायचं.

लावू काय दिवू?

माझं दुखणं एका दिवसात आलं नाही. डोंगरावर आमची काजूची बागायत आहे. मार्च ते मे रोज उजाडताना वर जायचं, खाली पडलेले बोंडू वेचायचे, पिळून बी वेगळी करायची, टोपली डोक्यावर घेऊन उतरायचं. चाळीस मोसम मी अशी वाकले. कंबर दुखायचीच. मोसमात कोणाची दुखत नाही? मग ते दुखणं कमरेतून निघून उजव्या पायात उतरायला लागलं, कुल्ल्यातून पोटरीत, पोटरीतून अंगठ्यात. आई म्हणायची, पायाळूच्या अंगावर वीज ओढते. पावसाळ्यात गडगडलं की मला खाटेखाली बसवायची. म्हटलं, चुकवून चुकवून सापडले शेवटी, ती आतूनच आली.

पायाळूला स्वतःच्या कमरेला पाय लावता येत नाही. आमच्या ह्यांना ही मोठी गंमत वाटायची. दुकानावर बसून सगळ्यांना सांगायचे, "गावाची कंबर हिच्या पायात. हिची कंबर मगे कोणाच्या पायात?" लोक हसायचे. मीही हसायचे, कमरेला हात लावून.

मे महिन्यात माहेरी गेले. मयेच्या तळ्यावर माझा चुलतभाऊ दाजी पर्यटकांना शहाळी विकतो. तोही पायाळू. आमच्या घराण्यात दोघे उलटे, असं सगळे म्हणतात. दाजी भला माणूस आहे, पण आता अंगाने चांगलाच सुटला आहे. त्याच्या उंबरठ्यावर मी पालथी पडले. त्याने पाय धुतला आणि, नियम मोडून, तोंड उघडलं.

"शेवंते, लावू काय दिवू?"

नुसतं लावून घेऊन मला काय होणार होतं? चाळीस वर्षं मी लावतच आले होते, आणि मनातल्या मनात मला माहीत होतं की लावण्यात फारसं काही नसतं. माणूस घाबरून ताठ झालेला असतो, जमिनीवर आडवा पडला की सैल होतो, एवढंच. मी म्हटलं, "दी. सगळं वजन दी."

त्याने दिलं. आवाज झाला नाही. पाण्याने भरलेला माठ फरशीवर जरासा ढकलला की कसं होतं, तसं आत काहीतरी झालं. दाजी उतरला, मी उठले, आणि पायातली वीज गायब. दोन दिवस मी माहेरी आनंदाने फिरले. भावजयीला म्हटलं, बघ, पाय द्यावाच लागतो. वीज गेली नव्हती हो. तार तुटली होती.

चप्पल

तिसऱ्या दिवशी सासरी परतले आणि त्या शुक्रवारी पेडण्याहून बसने म्हापशाच्या बाजाराला गेले. मिरच्या घ्यायच्या होत्या. बसमधून उतरून बाजारात शिरले तर एक कांदेवाली मला बघून हसायला लागली. "आजी, दुसरी चप्पल घोवाक दिलंस काय?"

खाली बघितलं तर उजवा पाय उघडा. चप्पल कुठे निसटली मला पत्ता नाही. आणि त्या पायाच्या खाली लाल. फुटक्या बाटलीची काच टाचेच्या पुढे रुतून बसली होती, मी तिच्यावर चालत आले होते, आणि मला काही म्हणजे काही कळलं नव्हतं. कांदेवालीचं हसू थांबलं. मी पाय वर उचलायला गेले तर टाच उठली आणि चवडा लोंबत राहिला, मेलेल्या कोंबडीच्या मानेसारखा.

म्हणून ही पहिली गोष्ट लिहून ठेवा. दुखणं वाढलं तर माणूस डॉक्टरकडे जातोच. दुखणं अचानक थांबलं आणि चप्पल निसटायला लागली तर धावत जा.

टेबलाचा खण

माझा मुलगा नितीन मला मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेला. त्या पाईपसारख्या मशीनमध्ये घालून फोटो काढले. संध्याकाळी डॉक्टरांनी आम्हा तिघांना समोर बसवलं, मी, हे आणि नितीन. डॉक्टर तरुण होते. बोलायच्या आधी त्यांनी आपल्या टेबलाचा खण अर्धा बाहेर ओढला.

"काकी, तुमच्या कमरेतला मणका असा सरकलाय. मूळचाच ढिला होता. आता जास्त पुढे आलाय. मागे पायाची नस जाते, ती दबलीय. कोणी चेपलं होतं काय? कोणी पाय दिला?"

"मीच घेतला," मी म्हटलं.

त्यांनी अर्ध्या उघड्या खणावर तळहात ठेवला. "ह्यावर कोणी उभं राहिलं तर काय होईल?" मग खण बंद केला. "ऑपरेशन करावं लागेल, आणि लवकर. मणका मी धरून देतो. कमरेचं दुखणं पुष्कळ कमी होईल. पायाचं वचन देत नाही."

नितीनने विचारलं, "म्हणजे काय?"

"नस किती दिवस दबून राहिली त्यावर असतं. तुम्ही आठवड्याच्या आत आलात, तेव्हा पाय येईलही. नाही आला तर काकी जन्मभर असाच ओढत चालणार."

ह्यांनी घसा साफ केला. मला वाटलं आता काहीतरी धीराचं बोलतील. म्हणाले, "काजूच्या दिवसांपर्यंत उभी रावात मगे?"

नितीन म्हणाला, "बाबा!" मी ह्यांच्यावर रागावले नाही, कारण ते माझ्या मनापर्यंत पोचलंच नव्हतं. माझ्या कानात 'ओढत' एवढाच शब्द राहिला होता. ओढत चालणारं एक माणूस आमच्या घरात होतं. नऊ वर्षं होतं.

प्रभा

प्रभा माझी धाकटी जाऊ. घर एक, मधे एक भिंत, चुली दोन. आमच्या परसात हद्दीवर फणसाचं झाड आहे. नऊ वर्षांपूर्वी त्यावरचा एक कुवला फणस, म्हणजे भाजीचा कोवळा, प्रभाने मला न विचारता काढून आपल्या भावाच्या घरी पाठवला. एक फणस. झाडावर आणखी वीस होते. तरी मी तिच्याशी बोलणं टाकलं.

पंधरा दिवसांनी तिची कंबर धरली. पायात कळा येत होत्या, उभं राहता येईना. सकाळी भिंतीला धरत धरत ती माझ्या दारात आली. "वयनी, पाय लाय गो," म्हणाली आणि उंबरठ्यावर पालथी पडली.

मी पाय धुतला. तिची पाठ माझ्या पुढ्यात. आई दंड धरायला नव्हती. मी पाय ठेवला, आणि मला फणस आठवला, आणि मी दिला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा तर दाराची चौकट धरून. प्रभा ओरडली नाही. तिच्या तोंडातून नुसती हवा बाहेर आली. नियमाप्रमाणे ती उठली आणि मागे न बघता गेली.

त्यानंतर तिचा डावा पाय ओढू लागला. मी गावभर सांगितलं, सोंग आहे, काजूला यायला नको म्हणून. मी पायाळू, कमरेतलं मला कळतं, तेव्हा सगळ्यांनी खरं मानलं. तिच्या नवऱ्यानेही. त्याने तिला तेल चोळून दिलं, अंगारा लावला, आणि मग तोही म्हणायला लागला, चाल सरळ. डॉक्टरकडे कोणी नेलं नाही. पोरं तिच्या मागे तिच्यासारखी चालायची आणि मी ओट्यावरून बघायचे.

हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलासुद्धा नाही. त्या दिवशी डॉक्टरांनी खण बंद केला तेव्हा पहिल्यांदा सांगितलं.

वाट बघायची

बायकांच्या वॉर्डात सोबतीला बाईच लागते. सून अर्पिता कचेरीत नोकरीला, तिला दोन दिवसांवर रजा मिळेना. मुलगी फोंड्याला, बाळंतपणाला टेकलेली. घरात सगळे बसून कोण, कोण करत होते तेव्हा भिंतीपलीकडून आवाज आला, "मी जातंय."

सगळ्यांना फार बरं वाटलं. हे म्हणाले, "बघ, शेवटी घरचांच माणूस." मी अर्पिताला म्हटलं, आणखी एकदा रजा मागून बघ.

ऑपरेशनबद्दल सांगण्यासारखं एवढंच की नेताना छतावरचे दिवे मोजले, सोळा होते, आणि आणताना मोजायची शुद्ध नव्हती. शुद्ध आल्यावर आधी तहान, मग कमरेत निखारे, मग भीती. प्रभाने ओला कापूस ओठांवर फिरवला. मी विचारलं, "पाय?" ती खाटेच्या पायथ्याशी जाऊन उभी राहिली, चादर उचलून बघितलं आणि म्हणाली, "आसा. दोनय आसत."

दुसऱ्या दिवसापासून व्यायाम शिकवणारी पोरगी यायला लागली. "काकी, ओंडक्यासारखं वळायचं. खांदा आणि कंबर एकदम." ओंडका व्हायला मला वेळ लागला नाही. मग ती म्हणायची, "उजवा अंगठा वर करा." मी सगळा जीव अंगठ्यात आणायचे. घाम फुटायचा. अंगठा म्हणजे कोणाचा तरी चुकून माझ्या खाटेवर राहिलेला. त्या वेळी प्रभा पायथ्याशी उभी राहून बघायची. घरचे भेटायला आले की माझ्या तोंडाकडे बघायचे. अंगठ्याकडे एकटी प्रभा बघायची, पापणी न लववता.

लघवीची नळी काढल्यावर खरा छळ सुरू झाला. ओंडक्याला उठून जाता येत नाही, भांडं मागावं लागतं. भांडी वॉर्डाच्या त्या टोकाला ठेवलेली. मी हाक मारली, "प्रभा, भांडं दे गो."

"हाडतंय."

ती उठली. टक्, मग खर्र. टक्, खर्र. नऊ वर्षं तो आवाज मी भिंतीपलीकडून ऐकला होता. आता तो वॉर्डाच्या टोकापर्यंत गेला, थांबला, आणि तितकाच हळू परत निघाला. मी दात आवळून पडलेली. "जरा लवकर गो," मी म्हटलं.

"घाई कशाक, वयनी?" अर्ध्या वाटेवर ती उभीच राहिली. "माझो पाय तुका म्हायत आसा."

शेजारच्या खाटेवरची बाई हसली, तिला वाटलं थट्टा चाललीय. प्रभा पोचली तोवर चादर भिजली होती. तिने भांडं खाली ठेवलं आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाली, "झालां? आदी सांगूचां मगे!"

आणि मग, हेही लिहिलं पाहिजे, तिने कोमट पाणी आणलं. मला वळवून पुसलं, पावडर लावली, चादर बदलली, सुरकुती पडू दिली नाही. टाक्यांच्या जवळ तिचा हात इतका हलका होता की डोळ्यांत पाणी आलं. सकाळी पावाचा मऊ गाभा चहात बुडवून भरवायची, कडक कड स्वतः खायची. केस विंचरायची, आणि गुंता आला की सोडवायची नाही, ओढायची. पाच दिवस असंच. मी कधी कोणाला एवढी घाबरले नाही आणि कोणाची एवढी वाट बघितली नाही.

चौथ्या दिवशी दुपारी चहा होऊन गेला होता. ती खाटेशी बसून मोसंबं सोलत होती. मी छताकडे बघत म्हटलं, "प्रभा, त्या दिवशी मी पाय लावला नव्हता. दिला होता."

ती सोलतच राहिली. "म्हायत आसा."

"कधीपासून?"

"पाठ कोणाची हुती?"

साल बाजूला ठेवून पुढेही तीच बोलली. "फणसावरून हुतां तांय म्हायत आसा. भाजी काय बरी झाली नाय त्येची."

"मग नऊ वर्षांत एकदा बोलली का नाहीस?"

"कोणाक सांगूचां? तूच गावाक सांगलंस, प्रभा सोंग करता. सोंग करतल्याचां कोण आयकता?"

"मग इथे का आलीस?"

"बघूक." तिने फोडीचा पांढरा पापुद्रा काढला, बी काढली. "तुझो पाय येता काय नाय तां बघूक आयलंय. खोटां सांगनय नाय. येव नको, असां मी देवाक सांगलंय." आणि फोड माझ्या तोंडापाशी धरली. "आ कर."

मी आ केलं.

अंगठा

पाचव्या दिवशी सकाळी प्रभा माझे पाय पुसत होती. पुसता पुसता थांबली. मला पायातलं काही कळत नव्हतं, पण तिचं तोंड दिसत होतं. तोंडावरचं सगळं निघून गेलं, पाटी पुसल्यासारखं. तिने हळूच चादर ओढून माझा पाय झाकला.

"काय झालं गो?"

"काय नाय. थंडी आसा."

मग ती जनेलापाशी जाऊन, खिडकीच्या गजाला धरून बाहेर बघत उभी राहिली. खूप वेळ उभी होती.

दुपारी व्यायामाची पोरगी आली. तिने चादर काढली, "अंगठा वर," म्हणाली. मी नेहमीसारखा जीव आणला. आणि ती टाळ्या वाजवायला लागली. "काकी! हलला! बघा, हलला! सकाळी हलत नव्हता ना?"

प्रभा म्हणाली, "सकाळीच हललो."

"मग सांगितलं नाही कोणाला?"

"सांगणार हुतंय," प्रभा म्हणाली. "माका जरा वेळ होयो हुतो."

पोरीला काही कळलं नाही. ती डॉक्टरांना सांगायला धावली. मी आणि प्रभा दोघीच राहिलो, आणि माझ्या अंगठ्याकडे बघत राहिलो. तो पुन्हा हलला. मला रडू आलं ते आनंदाने म्हणावं तर खोटं होईल, आणि दुःखाने म्हणावं तरी खोटंच.

उजव्याची पट्टी

घरी आल्यावरचं थोडक्यात सांगते, कामाला येईल. संडासात उंच बैठक हवी. खाली पडलेलं काही उचलायचं नाही, चमचासुद्धा. कमरेचा पट्टा गरम होतो, आत सुती बनियन घाला. भेटायला येणारी माणसं दहा जणांच्या कमरेच्या गोष्टी सांगतात, त्यातल्या नऊ मरणाच्या. त्यांना चहा द्या आणि ऐकू नका. घरच्यांचा कंटाळा दुसऱ्या महिन्यात सुरू होतो, तो मनावर घेऊ नका. मार्चमध्ये काजू सुरू झाले तेव्हा ह्यांनी बेळगावकडचं एक जोडपं ठेवलं आणि मला रोज सांगायला लागले की ती बाई किती भराभरा वेचते.

पायाला हॉस्पिटलातून प्लास्टिकची एक पट्टी दिली होती, टाचेपासून पोटरीपर्यंत, चवडा उचलून धरणारी. तीन महिने ती घालून चालले. मग पाय आपला आपण उचलायला लागला. सगळा नाही, पण पुरेल एवढा.

पाय आला त्या आठवड्यात मी प्रभाला म्हटलं, तुला डॉक्टरांकडे नेते. ती नको म्हणाली नाही. डॉक्टरांनी तिला टाचेवर उभं राहायला सांगितलं, गुडघ्यावर हातोडी मारून बघितली, फोटो काढायला लावले. तिचाही मणका तोच, माझ्यापेक्षा कमी सरकलेला. कंबर आता आपोआप घट्ट झाली आहे, म्हणाले, ऑपरेशनची गरज नाही.

"आणि पाय?" मी विचारलं.

"नऊ वर्षांनी? नाही हो काकी. नस मेली."

प्रभाने पहिल्यांदाच तोंड उघडलं. "तेवा आयलंय असतंय तर? माझ्या हातात कितके दिस हुते?"

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं नाही, त्यांना काही माहीत नव्हतं. "काही आठवडे," ते म्हणाले.

परतताना बसमध्ये ती खिडकीशी बसली होती आणि बोटांवर काहीतरी मोजत होती. पेडणे येईपर्यंत मोजत होती.

घरी आल्यावर मी माझी पट्टी धुऊन, पुसून तिच्याकडे नेली. आता मला लागत नव्हती. तिने पाय पुढे केला, मी घालायला गेले, आणि बसेना. माझी उजव्याची, तिचा पाय डावा. प्रभा हसायला लागली. इतकी हसली की भिंतीला टेकून खाली बसली. "वयनी गो, दितानापण तू उरफाटीच!"

मी नितीनला पाठवून हॉस्पिटलातून डाव्या पायाची करून आणली. ती तिने खुंटीला टांगून ठेवली. एकदाही घातली नाही. विचारलं तर म्हणाली, "घातलंय तर पाय सरळ दिसतलो. माका तो असोच दिसूक होयो."

उंबरठा

माझं ऑपरेशन झालं हे गावाला माहीत होतं. तरी लोकांना वाटायचं, कंबर हिची गेली, पाय कुठे गेला? मागच्या महिन्यात एक सासू आपल्या सुनेला घेऊन सकाळी दारात उभी राहिली. पलीकडच्या गावच्या. पोरगी असेल पंचविशीची, वाकलेली, तोंड पांढरं. मी काही बोलायच्या आत ती रीतीप्रमाणे उंबरठ्यावर पालथी पडायला लागली.

"पडू नको," मी ओरडले. "उभी राहा. टाचांवर चालून दाखव."

पोरीचा एक चवडा उचलला, दुसरा लोंबला. मी तिच्या पायाकडे बघितलं. एका पायात चप्पल होती, दुसऱ्या पायातली तिने दोरीने बांधली होती.

"हिला आत्ताच्या आत्ता मोठ्या हॉस्पिटलात ने," मी सासूला म्हटलं. "आज. उद्या नको."

सासू कानाने जरा जड. हात कानामागे धरून म्हणाली, "हॉस्पिटल कित्याक गे? कापाकापी करतले. तू नुसतो पाय लाय. जोरान लाय. तुझ्या पायाक गुण आसा, सगळे सांगतत."

मी तीनदा समजावलं, ती तीनदा हसून मान हलवत राहिली. पोरगी चौकट धरून उभी, दोघींच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत.

तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला. टक्, खर्र. प्रभा बाहेर आली. आमच्या ओट्यावर चढली आणि त्या दोघींच्या समोरून ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली. तिकडे वळली आणि परत आली. सासू बघत राहिली. प्रभाने लुगडं गुडघ्यापर्यंत वर उचललं. डावी पोटरी काठीसारखी सुकलेली.

"ह्यां कसां झालां गे बाये?" सासूने विचारलं.

प्रभा माझ्याकडे वळली. "सांग तिका, वयनी. कोणी केलां तां."

वाडीतल्या दोन बायका पाणी घेऊन चालल्या होत्या, त्या थांबल्या. हे आत पेज जेवत होते, त्यांचा चमचा थांबला. चाळीस वर्षांचं माझं नाव त्या ओट्यावर होतं, आणि ती पोरगी, दोरीने बांधलेली चप्पल घेऊन.

"मी केलं," मी म्हटलं.

"काय म्हणता ती?" सासूने सुनेला विचारलं.

"मोठ्यान सांग, वयनी," प्रभा म्हणाली. "तिका आयकूक येयना."

मी मोठ्याने सांगितलं.